काँग्रेस गवत, टिकली आणि पाठीवरच्या पट्ट्या

मागच्या भागात आपण गटाच्या अंतर्गत कर्जाच्या वहीबद्दल बोललो. आज त्याच वहीतल्या एका ओळीपासून सुरुवात करतो. आमच्या गटातल्या एका वहिनींच्या नावापुढं ती ओळ आहे. कर्जाचं कारण लिहिलंय, ‘औषधपाणी, कोल्हापूरच्या तीन फेऱ्या’. दवाखान्यासाठी कर्ज ही आपल्याला नवी गोष्ट नाही. पण एकाच आठवड्यात तीन फेऱ्या कशाला, असं त्या दिवशी बैठकीत सगळ्यांनीच विचारलं. त्याचं उत्तर शोधता शोधता आम्हाला बराच इतिहास वाचावा लागला. तोच आज सांगतो.

वहिनींना दोन वर्षं खाज होती. आधी पापण्या सुजल्या, मग मान, मग कोपराची आतली बाजू. कातडी जाड आणि काळपट झाली. कुणी म्हणालं नायटा, कुणी इसब, कुणी अंगातली उष्णता. वांगं बंद केलं, शेंगा बंद केल्या, अंडं बंद केलं. मेडिकलमधून एक ट्यूब आणली. ती लावली की आठ दिवस बरं, सोडली की दुप्पट. सासूबाई नवस बोलल्या. बैठकीला वहिनी यायच्या त्या तोंडावर पदर ओढून मागं भिंतीला टेकून बसायच्या. थंडीत जरा कमी व्हायचं आणि पावसाळ्यात रान हिरवं झालं की पुन्हा उसळायचं.

शेवटी कातडीच्या एका डॉक्टरांनी त्यांना औषध लिहिण्याआधी विचारलं, ‘भांगलायला कुठं जाता? बांधावर कसलं गवत आहे?’ दोन वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता. आणि हा प्रश्न विचारायला डॉक्टर लोक कसे शिकले, ती गोष्ट आपल्या महाराष्ट्रातलीच आहे, पुण्याची.

आपण ज्याला काँग्रेस म्हणतो, त्यालाच कुठं गाजर गवत म्हणतात, कुठं चटक चांदणी. पानं गाजरासारखी कातरलेली, वर बारीक पांढरी फुलं. रस्त्याकडेला, शाळेमागं, उकिरड्यावर, बांधावर, जिथं जमीन मोकळी दिसेल तिथं ते असतंच. पण आज सत्तर-ऐंशीच्या घरात असलेल्या आज्ज्यांना विचारा, लहानपणी हे गवत पाहिलं होतं का? बहुतेक जणी नाही म्हणतात. त्यांचं बरोबर आहे. हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं, मेक्सिकोच्या आखाताच्या आसपासचं. पुण्यात ते १९५५ च्या सुमारास उकिरड्यांवर उगवलेलं लक्षात आलं आणि आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतातली नवी वनस्पती म्हणून त्याची नोंद केली.

ते आलं कसं, याची गोष्ट गावोगाव ठरलेली आहे. अमेरिकेतून मदतीचा तांबडा गहू आला, त्यात बी आलं, राज्य काँग्रेसचं होतं म्हणून नाव काँग्रेस. कुणी सांगतं, पांढरी फुलं गांधी टोपीसारखी दिसतात म्हणून. गव्हाच्या गोष्टीत मात्र तारखांची एक गंमत आहे. ज्या पीएल ४८० कायद्याखाली तो गहू आला, त्याचा भारताबरोबरचा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. गवत तर त्याआधीच पुण्यात उभं होतं. अर्थात १९५१ मध्येही अमेरिकेनं धान्यासाठी भारताला कर्ज दिलं होतं आणि गहू तेव्हाही आला होता, त्यामुळं गव्हाला पुरतं निर्दोष सोडता येत नाही. काही वनस्पतिशास्त्रज्ञ असंही सांगतात की कलकत्त्याच्या बागेच्या १८१४ सालच्या यादीतही या झाडाचं नाव आहे. म्हणजे एखाददुसरं रोप आधीपासून असेल. पण देशभर सुटलेलं हे तण म्हणून त्याचा इतिहास पुण्यापासूनच मोजतात. एकेका झाडाला हजारोंनी बी धरतं, काही झाडांना पंचवीस हजारांपर्यंत. वारा, पाणी, ट्रकची चाकं आणि शेणखत, सगळ्यांनी मिळून ते पुढं नेलं.

गवत पसरलं आणि दहा-बारा वर्षांत पुण्याच्या डॉक्टरांकडं एक वेगळाच आजार दिसू लागला. चेहरा, पापण्या, मान, हात, म्हणजे अंगाचा जेवढा भाग उघडा तेवढा सुजलेला, खाजरा, ओला. पाठ-पोट स्वच्छ. हे पाहून पहिल्यांदा कुणालाही वाटेल की ऊन बाधलं. तसं निदान होतही असे. पुण्याचे डॉ. लोणकर आणि डॉ. जोग यांनी या रुग्णांकडं नीट पाहिलं आणि १९६८ मध्ये या आजाराबद्दल लिहिलं. पुढं १९७४ मध्ये डॉ. लोणकर, कॅनडाचे डॉ. मिचेल आणि लंडनचे डॉ. कॅलनन या तिघांचा लेख लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात आला. पुण्यातल्या उकिरड्यावरचं गवत असं जगाच्या वैद्यकात गेलं.

दोष उन्हाचा नाही, गवताचा आहे, हे ओळखायची परीक्षा जुनी आणि सोपी होती. ज्याच्यावर संशय, ते रुग्णाच्या पाठीवर थोडंसं लावायचं, पट्टी चिकटवायची, दोन दिवस थांबायचं. ज्याला त्या वस्तूचं वावडं आहे, त्याच्या पाठीवर तेवढ्याच जागी लाल, खाजरा उंचवटा येतो. बाकीची पाठ जशीच्या तशी. म्हणजे अंगावर मोठा आजार कशानं झाला हे कळायला अंगावर मुद्दाम छोटा आजार करून पाहायचा. इंग्रजीत याला पॅच टेस्ट म्हणतात, आपण पट्टीची तपासणी म्हणू.

पुढं शास्त्रज्ञांनी गवतातलं नेमकं द्रव्यही पकडलं. त्याचं नाव पार्थेनिन. पानांवर, खोडावर जी बारीक लव असते, तिच्यात ते असतं. गवत वाळलं की ही लव धूळ होऊन वाऱ्यावर उडते. म्हणून ‘मी तर हात लावला नाही’ म्हणणाऱ्या माणसाचाही चेहरा सुजतो. वहिनी नेमकं हेच म्हणाल्या होत्या. त्यांच्या शेतात एवढं गवत नव्हतं. पण घरामागं पडीक जागा होती, आणि कपडे तिथंच दोरीवर वाळत पडायचे.

आता जरा लांब जाऊ, कारण ही पट्टी आली कुठून हेही सांगायला हवं.

इंग्लंडमध्ये मँचेस्टरला चार्ल्स ब्लॅकली नावाचे डॉक्टर होते. त्यांना स्वतःलाच दर उन्हाळ्यात शिंका, नाक गळणं, डोळे चुरचुरणं होत असे. लोक म्हणत, उष्णतेनं होतं, धुळीनं होतं. ब्लॅकलींनी गवताचे परागकण गोळा केले, स्वतःच्या हातावर ओरखडा काढून त्यात चोळले आणि कुठल्या परागानं हात सुजतो ते पाहिलं. हवेत उंचावर पराग असतात का, हे बघायला त्यांनी चिकट काचपट्ट्या बांधून पतंगसुद्धा उडवले. १८७३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. आज शिंका आणि दम्यासाठी हातावर थेंब टाकून सुईनं हलकं टोचतात, त्या तपासणीची मुळं तिथं आहेत.

पाठीवरची पट्टी योझेफ यादासोन या डॉक्टरांची, १८९५ ची, ब्रेस्लाऊ शहरातली. ते शहर आता पोलंडमध्ये आहे. पाऱ्याच्या मलमानं काहींची कातडी बिघडते, हे त्यांनी अशी पट्टी लावून दाखवलं. ‘ॲलर्जी’ हा शब्दच त्यानंतरचा आहे. १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो घडवला. एकच लस काही मुलांना दुसऱ्यांदा टोचली की अंग वेगळंच वागतं, हे पाहून. अंग बदललेल्या तऱ्हेनं वागतं, असा त्याचा अर्थ.

आणि एका बाईचं नाव इथं घ्यायलाच हवं. शिंका, दमा, अंगावर गांधी उठणं यांच्या मागं रक्तातला कुठला घटक आहे, हे १९६६ पर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. तो शोधला तेरुको इशिझाका आणि किमिशिगे इशिझाका या जपानी नवरा-बायकोनं, अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनीही त्याच सुमारास तो वेगळ्या वाटेनं शोधला. आज दम्याच्या पेशंटच्या कागदावर ‘आयजीई’ असं लिहिलेलं दिसतं ना, ते हेच. बाईचं नाव मात्र पुष्कळदा नवऱ्याच्या मागून येतं, किंवा येतच नाही.

इथं भारतातही काम झालं. हवेत काय काय तरंगतं हे मोजल्याशिवाय शिंकांचं कारण कसं कळणार? औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात डॉ. एस. टी. तिळक यांनी त्यासाठी एक यंत्र बनवलं. १९७० मध्ये त्याबद्दल छापून आलं आणि ते ‘तिळक एअर सॅम्पलर’ म्हणून ओळखलं जातं. हवा आत ओढायची, तिच्यातले पराग आणि बुरशीचे कण चिकट पट्टीवर पकडायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. शेतातल्या पिकांवरच्या बुरशीचे कणही त्यात सापडत. मळणीच्या दिवसांत किंवा भुसा भरताना ज्यांची छाती भरते, त्यांना यातलं महत्त्व वेगळं सांगायला नको.

आता पुन्हा पुण्याच्या त्या नोंदींकडं येतो. त्या वाचताना आम्हाला एक गोष्ट खटकली. काँग्रेस गवतानं आजारी पडलेल्यांत पुरुष बायकांच्या कितीतरी पट दिसतात. पुण्यातच नव्हे, नंतरच्या भारतातल्या अभ्यासांतही. पुस्तकं सांगतात, पुरुष उन्हात जास्त वेळ, उघड्या अंगानं काम करतात, बायका साडी-पदरानं झाकलेल्या असतात. असेल. पण भांगलणीच्या पाळीत बसून पाहिलेल्या कुठल्याही बाईला विचारा, तण हातानं उपटतं कोण? गवताशी सगळ्यात जवळ कुणाचं तोंड असतं? आमचं मत असं की कारणं दोन्ही असतील. काही अंशी खरंच पुरुषांना जास्त होत असेल. आणि काही अंशी, चेहरा सुजलेला पुरुष दवाखान्यात जातो आणि चेहरा सुजलेली बाई पदर पुढं ओढते. दवाखान्यात न गेलेली बाई कुठल्याही तक्त्यात येत नाही. आमच्या वहिनी दोन वर्षं कुठल्याच तक्त्यात नव्हत्या.

बायकांचा आजार कधी कधी उलटा, फार उशिरा का होईना, मोजला गेला, तो टिकलीमुळं. हे आता सविस्तर सांगतो, कारण यात संसार मोडल्याच्या गोष्टी आहेत.

पूर्वी मेण लावून त्यावर पिंजर टेकवत. नंतर चिकटणारी टिकली आली. स्वस्त, पुसत नाही, घामानं पसरत नाही. मग काही बायकांच्या कपाळावर टिकलीच्याच आकाराचा डाग दिसू लागला. आधी खाज, मग कधी काळा डाग, कधी पांढरा. पांढरा डाग दिसला की घरात एकच शब्द उठतो, कोड. लग्न ठरायची मुलगी असेल तर स्थळं थांबतात. लग्न झालेली असेल तर माहेरी पाठवतात. पण तो डाग गोल, नेमका टिकलीच्या जागी, आणि अंगावर दुसरीकडं कुठंच नाही. १९८० च्या दशकात भारतातल्या त्वचेच्या डॉक्टरांनी याबद्दल लिहिलं आणि १९९० मध्ये अलाहाबादच्या डॉ. बजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिकलीच्या गोंदातलं द्रव्य दाखवून दिलं. त्याचं लांबलचक नाव आहे, पॅरा टर्शरी ब्यूटाइल फेनॉल. हे द्रव्य कातडीचा रंग तयार करणाऱ्या पेशींना मारतं. म्हणून डाग पांढरा. तेच द्रव्य चपलेच्या आणि घड्याळाच्या पट्ट्याच्या गोंदातही असू शकतं. काही कुंकवांतल्या तांबड्या रंगद्रव्यानंही कपाळ काळवंडतं, हेही १९८६ मध्ये छापून आलंय.

एवढं कळल्यावर उपाय काय, तर टिकली बंद. ऐकायला किती सोपं! मैत्रिणींनो, नवरा जिवंत असताना मोकळं कपाळ घेऊन गावातून चालत जाणं म्हणजे काय, हे शहरातल्या डॉक्टरला कुणी सांगावं? आमच्याच एका बैठकीत हा विषय निघाला तेव्हा दोन जणी भांडल्या. एक म्हणाली, डाग पडला तरी चालेल. दुसरी म्हणाली, डाग पडल्यावर तुला घरात कोण ठेवतंय ते बघ. मधला मार्ग डॉक्टरांकडूनच कळतो. नेमकं गोंदाचं वावडं असेल तर गोंद नसलेलं, आपल्याला सोसणारं कुंकू लावता येतं. रंगाचं असेल तर दुसरं काही. म्हणून ‘टिकली सोसत नाही’ एवढ्यावर थांबू नका. टिकलीतलं काय सोसत नाही, ते विचारा. आणि टिकली काढल्यावर काही जणींचा रंग हळूहळू परत येतो, काही जणींचा येत नाही. जितकं लवकर काढाल तितकं बरं.

आता त्या तीन फेऱ्या. पहिल्या दिवशी वहिनींच्या पाठीवर छोट्या छोट्या वाट्यांच्या पट्ट्या चिकटवल्या. एकेका वाटीत एकेक पदार्थ. काँग्रेस गवताचा अर्क होता, निकेल होतं (ते खोट्या दागिन्यांत असतं), केसांच्या काळ्या रंगातलं द्रव्य होतं, रबरातलं, सुगंधातलं. दोन दिवसांनी दुसरी फेरी, पट्ट्या काढून पाठ बघितली. आणखी एक-दोन दिवसांनी तिसरी फेरी, पुन्हा बघितली, कारण काहींचा उंचवटा उशिरा येतो. या मधल्या दिवसांत पाठ भिजवायची नाही, घामाघूम व्हायचं नाही, ओझं उचलायचं नाही. म्हणजे भांगलण नाही, वैरणीचा भारा नाही, डोक्यावरून अंघोळ नाही. मजुरी बुडते ती अशी. त्यात एसटीचं भाडं. म्हणून कर्ज.

आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. अंगात ताप असेल, पाठीवरच पुरळ असेल, पोटात बाळ असेल तर तपासणी पुढं ढकलतात. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा पाठीला तसली ट्यूब लावत असाल, तर ते आधी सांगा, नाहीतर खरं वावडं असूनही पाठ कोरी दिसते. टोचून करायच्या तपासणीआधी शिंका-खाजेच्या गोळ्याही काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. कुठली गोळी कधी बंद करायची, हे मात्र डॉक्टरच ठरवतील. दम्याचं औषध कुणीही आपल्या मनानं सोडायचं नाही. आणि घरी पाठीवर किंवा हातावर गवत चोळून बघू नका. आम्ही हे सांगतोय कारण एका गावात एकीनं तसं केलं आणि हात खांद्यापर्यंत सुजला.

वहिनींच्या पाठीवर गवताच्या वाटीखाली ठसठशीत लाल उंचवटा आला. त्या घरी आल्या आणि बैठकीत पहिल्यांदाच पुढं बसल्या. म्हणाल्या, ‘माझं रक्त खराब न्हाई, गवत खराब हाय.’

औषध मिळालं. हा आजार जुना, हट्टी असला की बराच काळ औषध घ्यावं लागतं. दिल्लीच्या एम्समध्ये यासाठी अझाथायोप्रिन या गोळ्यांवर अभ्यास झालाय, पण त्या रक्त तपासत तपासत, डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायच्या असतात. वहिनींना तेवढी वेळ आली नाही. त्यांचं निम्मं औषध गवतापासून लांब राहणं हेच होतं, आणि ते एकटीनं होण्यासारखं नव्हतं. त्या भांगलायला गेल्या नाहीत तर पैरा कोण फेडणार? गटात ठरलं की त्यांच्या वाटणीची भांगलण दोघी करतील आणि त्या बदल्यात वहिनी त्या दोघींची धारा काढणं आणि दूध डेअरीला घालणं बघतील. घरामागची पडीक जागा बाकीच्यांनी साफ केली, गवताला फुलं यायच्या आत, हाताला मोजे, तोंडाला फडकं बांधून. फुलं येण्याआधीच्या गवताचं कंपोस्ट चालतं, बी धरल्यावर नाही. कपडे वाळत घालायची दोरी अंगणात आली. शेवंतीच्या मळ्यात तोडणीला जाणंही त्यांनी सोडलं, कारण शेवंती आणि सूर्यफूल ही याच गवताच्या कुळातली, आणि एकाचं वावडं असलं की कधी कधी दुसऱ्याचंही होतं.

१९८३ मध्ये बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी हे गवत खाणारा एक भुंगेरा मेक्सिकोहून आणला आणि पुढच्या वर्षी रानात सोडला. पावसाळ्यात पानांवर दिसणारा, पिवळट पाठीवर काळ्या रेघांचा तो हाच. तो दिसला तर मारू नका. मात्र त्याच्या भरवशावरही बसू नका, पाऊस संपला की तो जमिनीत जातो आणि गवत राहतं.

या पावसाळ्यापासून आम्ही गटाच्या वहीच्या मागच्या बाजूला चार रकाने आखलेत. काय झालं, अंगावर कुठं झालं, कुठल्या महिन्यात, आणि त्या आठवड्यात हातात काय काम होतं. नाव लिहायची सक्ती नाही. आतापर्यंत नऊ नोंदी आहेत. पाच खाजेच्या, दोन टिकलीच्या, एक भुसा भरताना दम लागल्याची, आणि एक खोट्या बांगड्यांची, जी आमच्याच सचिवांची निघाली. पुढच्या बैठकीला तुमची टिकलीची पाकिटं, केसांच्या रंगाची पुडी आणि मेडिकलमधून आणलेली ट्यूब, जे असेल ते घेऊन या. ट्यूबवरचं नाव वाचायला चष्मा लागत असेल तर तोही आणा.